सुनेच्या बाळंतपणाला बँकॉकला

१९६८ सालच्या दिवाळीनंतर बालाघाटला दुर्गाबाईच्या दारात परदेशी तिकिटं चिकटवलेलं पाकीट येऊन पडलं, तेव्हा ती अंगणात पोहे कांडत होती. तिने हात पदराला पुसले, पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मुसळ भिंतीला टेकवून भावाची वाट पाहत बसली. भाऊ खेमराज वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये कारकून होता आणि दर रविवारी बहिणीकडे यायचा. पत्र तोच वाचायचा.

पत्र भोजराजचं होतं, तिच्या एकुलत्या एका मुलाचं. भोजराज पाच वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. रामपायलीजवळची चार एकर धानाची शेती दुर्गाबाईने एकटीने कसली, आणि मुलाचं शिक्षण गावात पुढे सरकेना तेव्हा दिराला शेती बटईने देऊन ती बालाघाटला आली. पोहे, मुरमुरे करून विकले. मुलगा जबलपूरला शिकला, सर्वेअर झाला आणि दीड वर्षापूर्वी बायकोला घेऊन थेट थायलंडला गेला. तिथे मेकाँग नावाची मोठी नदी मोजायचं काम चाललं होतं, असं तो लिहायचा. नदी मोजायला एवढ्या लांब माणसं कशाला बोलावतात, हे दुर्गाबाईला काही केल्या कळत नव्हतं. वैनगंगा कुठे कुणी मोजायला येतं?

खेमराजने पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, विमलले दिवस गेलेत. फागुनात बाळंत होनार. भोजराज म्हनते, मायले पाठवा."

विमल म्हणजे सून. तिचे वडील तिरोडीच्या खाणीत मुकादम होते. आई ती लहान असतानाच वारली होती. माहेरी बाळंतपण करायला कुणी नव्हतं.

"मी कायले जाऊ तिथं?" दुर्गाबाई म्हणाली. "भाषा कोनती, मानसं कोनती! मी गोंदियाच्या पलीकडं कधी गेली नाही."

खेमराजने पत्राची घडी घातली. "थे लोक बी भातच खातेत म्हने."

"हौ का?" दुर्गाबाईने मुसळ उचललं. "मंग ठीक आहे."

पुढचे दोन महिने बालाघाटात दुसरा विषय नव्हता. पासपोर्टचा फोटो काढायला दुर्गाबाई स्टुडिओत गेली, तेव्हा डोक्यावरचा पदर मागे घ्यायला तिने साफ नकार दिला. दवाखान्यात टोचून घेतलं, तर दंड तीन दिवस सुजला. शेजारच्या चंपाबाईने लाखोळीची डाळ बांधून दिली, पापड दिले. जानेवारीत खेमराज तिला घेऊन निघाला. आधी गोंदियापर्यंतची छोटी गाडी, तिथून हावड्याची मेल. कलकत्त्याला भोजराज घ्यायला आला होता. विमानात दुर्गाबाईने खिडकीला नाक लावलं ते उतरेपर्यंत काढलं नाही. ढग पायाखाली पाहून एवढंच म्हणाली, "कापूस पिंजून ठेवला जनू."

बँकॉकमध्ये भोजराजचं घर नदीपलीकडच्या भागात होतं. लाकडाचं, खांबांवर उभं, आणि पुढच्या ओसरीखाली चक्क पाणी. पुढे रस्त्याच्या जागी कालवा, मागे एक अरुंद गल्ली. सकाळी उठून दुर्गाबाई ओसरीवर आली, तर होडीतून भाजीवाली चालली होती, मागून कोळसेवाला, त्याच्या मागे पिवळ्या चिवरातले भिक्षू. बाजार दारात येतो आणि आपण नुसतं बसायचं, हे तिला फार पसंत पडलं.

पसंत नव्हतं ते विमलचं वागणं. पोरगी सात महिन्यांची पोटुशी, पण चेहरा उतरलेला. भोजराज पंधरा-पंधरा दिवस नदीवर जायचा. ऑफिसची गाडी आठवड्यातून एकदा सामान आणून टाकायची. विमलला इथे येऊन दीड वर्ष झालं होतं, पण ती एकटी गल्लीच्या टोकापर्यंतही गेली नव्हती.

"काहून वं, बाहेर काहून नाही जात?" दुर्गाबाईने विचारलं.

"कोनाशी बोलू, आत्याबाई? थे काय बोलतेत मले पुरतं समजत नाही. मी बोलली का हासतेत."

"हासतेत तं हासू दे. मारत तं नाहीत ना?"

परक्या माणसाशी हिंदीत बोलायचं, हे बालाघाटात वाढलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही. घरात आपली बोली, बाहेर हिंदी. तेव्हा नारळवालीची होडी आली, तशी दुर्गाबाई पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली आणि एका नारळाकडे बोट दाखवलं. नारळवालीने नारळ पायरीवर ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"हां," दुर्गाबाई म्हणाली.

नारळवालीने आणखी चार ठेवले. दुर्गाबाईला वाटलं, हिशेब झाल्यावर परत घेईल, दाखवायला काढले असतील. बाई पुन्हा काही म्हणाली.

"हां हां, बस!"

आणखी पाच आले. नारळवाली खुशीत आली आणि पुढचे काढू लागली. वर ओसरीवरून विमल ओरडली, "आत्याबाई, हां म्हनू नका! यांच्या भाषेत हा म्हनजे पाच!"

दहा नारळांच्या मधोमध उभ्या राहून दुर्गाबाईने वर पाहिलं. विमल कठड्याला धरून हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खाली होडीत नारळवालीही हसायला लागली होती, काय झालं ते न कळताच. दहा नारळ गेले तर गेले, सून हसली, असं म्हणून दुर्गाबाईने सगळे ठेवून घेतले. त्या दिवसापासून ती बाहेरही 'हौ'च म्हणू लागली. पण नारळवालीने काही ते विसरलं नाही. होडी दारावरून जाताना ती दुर्गाबाईला पाहून पाच बोटं वर करायची आणि "हा?" म्हणून ओरडायची.

नारळ वाटून टाकायला दुर्गाबाई शेजारी गेली. मधल्या लाकडी पुलापलीकडे एक म्हातारी एकटी राहायची. दार उघडलं आणि दोघी एकमेकींकडे पाहतच राहिल्या. म्हातारीचे केस बारीक कापलेले होते, तोंड पानाने लाल होतं आणि लुगडं नव्हे, पण कमरेचं वस्त्र तिने मागे खोचलं होतं. सरळ काष्टा! म्हातारीनेही दुर्गाबाईच्या काष्ट्याभोवती एक फेरी मारली, मागे जाऊन खोचणं तपासलं आणि पसंतीची मान हलवली. मग आत नेऊन पाट पुढे सारला, भाताचं भांडं उघडलं आणि म्हणाली, "किन खाओ."

दुर्गाबाई घरी परतली ती आनंदाने. "विमल, थे बुढी हिंदी बोलते वं! मले खाओ म्हने."

विमलने सांगितलं की त्यांच्या भाषेत किन म्हणजे खा आणि खाओ म्हणजे भात. पण दुर्गाबाईला त्याने काही फरक पडला नाही. भात पुढे ठेवून खाओ म्हणते, मग अर्थ एकच की.

म्हातारीचं नाव बुनमी. सगळे तिला 'पा' म्हणायचे. आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. दोघी रोज दुपारी बसू लागल्या. पा आपल्या बोलीत बोलायची, दुर्गाबाई आपल्या. पान लावताना बोलायला लागतंच असं नाही. एकदा पा बुनमीने केळीच्या पानात गुंडाळून हिरवट चपटे दाणे आणले. दुर्गाबाईने चिमूट तोंडात टाकली आणि उडालीच. कोवळ्या धानाचे पोहे! ती घरून आणलेले पांढरे पोहे घेऊन गेली, आणि त्या दिवशी अर्धा-पाऊण शेर पोहे दोघींनी गप्पा मारता मारता संपवले.

विमलही हळूहळू त्यांच्यात येऊन बसू लागली. तिला थाई थोडं थोडं कळायचं, पण बोलायची भीती. सासूला बेधडक चुका करताना पाहून तिची जीभ जराशी सुटली.

फेब्रुवारी संपत आला. भोजराज नदीवर गेला होता आणि बाळंतपणाचं काहीच सामान घरात नव्हतं. सुंठ इथे मिळाली, ताडाचा गूळ मिळाला, पण डिंक नाही, मेथ्या नाहीत, खारीक नाही. लाडवांशिवाय बाळंतीण, हे दुर्गाबाईच्या कल्पनेत बसत नव्हतं. विमल म्हणाली, नदीपलीकडे हिंदुस्थानी लोकांचा बाजार आहे, कापडवाले सरदारजी आहेत, तिथे सगळं मिळतं. तिने पा बुनमीला मोडक्यातोडक्या थाईत समजावलं. पा बुनमीने लगेच छत्री उचलली.

विमल घरीच राहिली. जाताना दोघींचं सगळं नीट झालं. मोटारहोडीने नदी ओलांडली, पुलाजवळ उतरून चालत बाजारात गेल्या. कापडाच्या दुकानात एक पगडीवाले सरदारजी दिसले, आणि दुर्गाबाईला माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

"गोंद चाहिए, मेथी चाहिए, खारक चाहिए. बहू की जचगी है."

"कहाँ से आई हो, माताजी?"

"बालाघाट."

सरदारजींनी बालाघाट ऐकलं नव्हतं. पण त्यांची बायको आतून आली, बाळंतपण म्हटल्यावर कंबर कसूनच आली आणि शेजारच्या दुकानातून एकेक जिन्नस स्वतः पारखून दिला. वर चहा पाजला. दोन तास गेले.

घोटाळा परतताना झाला. धक्क्यावर गर्दी होती. पा होडीत चढली, दुर्गाबाई पिशवी सावरत होती आणि होडी सुटली. पा होडीतून हात हलवून ओरडत होती, दुर्गाबाई धक्क्यावरून ओरडत होती, आणि मधलं पाणी वाढत गेलं.

भोजराजने एक गोष्ट तिच्याकडून घोकून घेतली होती. हरवली तं गल्लीजवळच्या देवळाचं नाव सांगजो. तिथे देवळाला वाट म्हणतात. नेमकं ते पुढचं नाव दुर्गाबाईच्या डोक्यातून गेलं आणि वाट तेवढी राहिली.

"वाट! वाट!" ती शेजारच्या माणसाला म्हणाली. त्याने नदीकाठच्या एका कळसाकडे बोट दाखवलं. दुर्गाबाईने मान हलवली. "नाही रे बापा, माही वाट." दुसऱ्याने दुसरा कळस दाखवला. एका शाळकरी मुलीने तिसरा. त्या शहरात देवळं काय थोडी होती! पाच-सहा माणसं जमली आणि सगळी मोठ्या कळकळीने तिला दहा दिशांना देवळं दाखवू लागली.

दुर्गाबाईला रडू येणार होतं. पण एवढी चांगली माणसं मदत करत असताना रडणं बरं दिसत नाही, म्हणून ती पिशवी मांडीवर घेऊन धक्क्याच्या पायरीवर बसली. डिंक तर मिळाला आहे, तिने मनाशी म्हटलं, आता घर सापडलं की झालं.

आणि तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला.

"हा?"

नारळवाली! धक्क्याजवळच मोठा घाऊक बाजार होता, तिथून ती नारळ भरून निघाली होती. पाच बोटं वर करून हसत होती. दुर्गाबाईने जन्मात कुणाला इतक्या जोरात हाक मारली नसेल. "अवं बाई, थांब! हौ, हौ, पाच दे, दहा दे, पन मले घरी ने!"

इकडे पा परतली होती ती छाती बडवतच. आधी ती पुढच्या होडीने माघारी गेली होती, पण तोवर नारळांची होडी सुटली होती आणि धक्क्यावर दुर्गाबाई दिसली नाही. मग धावत घरी. तिचं बोलणं ऐकून विमलने चपला घातल्या. नऊ महिने भरत आलेली, दीड वर्षात गल्लीचं टोक न पाहिलेली विमल, पा बुनमीचा हात धरून कालव्याच्या धक्क्यापर्यंत चालत गेली. तिथे होडीवाल्यांना, भाजीवाल्यांना, पहाऱ्यावरच्या पोलिसाला तिने थाईत सांगायला सुरुवात केली. माझी आई हरवली आहे. नऊवारी नेसते. कपाळावर मोठं कुंकू आहे. नाही, कुंकू नाही, गोंदण आहे. हातात पिशवी आहे. कुणीही हसलं नाही. पोलिसाने तर तिला बसायला स्वतःचं स्टूल दिलं आणि दोन होड्या शोधायला पाठवल्या.

त्या होड्या निघतात न निघतात तोच वळणावरून नारळांची होडी आली. नारळांच्या ढिगावर, पिशवी मांडीवर घेऊन, पदर नीट डोक्यावर घेऊन दुर्गाबाई बसली होती.

"तू कायले आली वं इथं, एवढ्या उन्हात?" तिने लांबूनच सुनेला दटावलं. मग धक्क्यावर उभी माणसं, पोलीस, स्टूल, हे सगळं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "तू बोलली यांच्याशी? सगळ्यांशी?"

"हौ," विमल म्हणाली, आणि सासूच्या गळ्यात पडून रडली आणि हसली, दोन्ही.

नऊ दिवसांनी विमलला मुलगी झाली. दवाखाना मोठा होता, डॉक्टर विलायतेत शिकलेले होते, आणि घरी सोडताना त्यांनी भोजराजला बजावलं की खोली मोकळी ठेवा, धूर नको, शेक नको. भोजराजने ते आईला सांगितलं.

"बरं," दुर्गाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पा आली ती मातीची शेगडी आणि कोळशाची टोपली घेऊन. तिने बाजेकडे बोट दाखवलं, शेगडीकडे दाखवलं, विमलच्या कमरेकडे दाखवलं. त्यांच्यातही बाळंतिणीला विस्तवाशेजारी निजवतात. दुर्गाबाईने आपल्या खोलीतून तवा आणि शेकायच्या कापडाची घडी आणली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

भोजराज दारात आडवा उभा राहिला. "माय, डॉक्टर नाही म्हनून राह्यला." तेच त्याने म्हातारीला थाईतही सांगितलं.

"तुह्या डॉक्टरले किती लेकरं झाली?" दुर्गाबाईने विचारलं.

पा बुनमीने काय विचारलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. शेवटी तडजोड झाली. शेगडी ओसरीवर ठेवायची, धूर बाहेर, आणि आत फक्त गरम कापडाचा शेक. दोघी म्हाताऱ्यांनी ते मान्य केलं. विमल बाजेवर पडून डिंकाचे लाडू खात होती आणि ओसरीवर दोन भाषांत एकच गोष्ट सांगितली जात होती, कोळसा जास्त झाला की कमी. पा काळी मिरी घालून केळफुलाचं पातळ कालवण करायची, दूध यायला. दुर्गाबाईने त्यात सुकी कोळंबी दिसली तेव्हा नाक मुरडलं, मग चाखून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागितलं.

मुलीचं नाव सुनीती ठेवलं. बारशाला नारळवाली, पोलीस आणि सरदारजींचं कुटुंब, सगळे आले. विमल पाहुण्यांमध्ये फिरून वाढत होती, कुणाशी हिंदी, कुणाशी थाई, आणि चुकली तर स्वतःच आधी हसत होती.

धानाच्या कापणीच्या आधी घरी पोचायचं म्हणून सप्टेंबरात दुर्गाबाई निघाली. पा विमानतळावर आली नाही. तिला निरोप देणं जमत नसे. त्या दिवशी तिने घराचं दारच उघडलं नाही. खिडकीतून फक्त पानांची पुडी बाहेर ठेवली होती.

तीन वर्षांनी, १९७२ च्या डिसेंबरात, भोजराज रजेवर घरी आला. पत्रात त्याने लिहिलं होतं की चौघं येतो आहोत. खेमराजने वाचलं, दुर्गाबाईने बोटांवर मोजून पाहिलं: भोजराज, विमल, सुनीती. चौथं कोण? पुन्हा दिवस गेले की काय?

बालाघाटच्या स्टेशनवर छोटी गाडी थांबली. भोजराज उतरला, विमल उतरली, सुनीतीला खाली घेतलं. मग डब्याच्या दारात एक छत्री आली आणि छत्रीमागून पा. तिला बोधगया पाहायची होती. बँकॉकच्या यात्रेकरूंबरोबर ती गयेला आली, आणि दर्शन झाल्यावर सोबतच्या बायका परत निघाल्या तशी भोजराजने तिला तिथून बरोबर घेतलं. निघण्याआधीच तिने त्याला बजावलं होतं, मग मला तुझ्या आईकडे ने.

दुर्गाबाईने पा बुनमीच्या हातातली छत्री घेतली, उगाच मिटली, पुन्हा उघडली.

"किन खाओ," शेवटी ती म्हणाली. "चाल घरी."

चार दिवसांनी सगळे रामपायलीला शेतावर गेले. दीर प्रेमलालकडे धानाची कापणी चालली होती. बायका ओळीने वाकल्या होत्या. पा बांधावर बसून थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने उठून काष्टा घट्ट खोचला, एका पोरीच्या हातातला विळा मागून घेतला आणि ओळीच्या टोकाला जाऊन वाकली. तिची मूठ धरायची रीत निराळी होती, पण विळा सरसर चालत होता. ती धानाच्या शेतातच वाढली होती, हे दुर्गाबाईला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

ओळीतली मैनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोन वं हे? कोनत्या गावची?"

दुर्गाबाईने दुसरा विळा घेतला आणि पा बुनमीच्या शेजारची जागा धरली.

"माही शेजारीन आहे," ती म्हणाली. "सरक थोडी तिकडं, आमाले दोघीले जागा दे."